शिवाजीनगरचे ऊन : सौर विजेचा एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा एक अटही घातली. या वेळी सनावळ्या नकोत, मुलांच्या आणि पालकांच्या रोजच्या उपयोगाचा एखादा विषय घ्यावा. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही सौर विजेचा विषय निवडला, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न याच विषयावर आले आहेत. विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून जे शिकलो आणि पुस्तकांतून जे पडताळले ते येथे मांडत आहोत. सनावळ्या पूर्णपणे टाळता येणार नाहीत, त्याबद्दल मंडळाने क्षमा करावी.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी या वसतिगृहात भारनियमनाचा काळ काढला, त्यांना विजेचे मोल वेगळे सांगायला नको. दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट जायची आणि एका कंदिलाभोवती आठ-आठ मुले वह्या घेऊन बसायची. त्याच रात्री पाच कोसांवर कोणाचे वडील केळीला पाणी भरण्यासाठी बारा वाजता येणाऱ्या थ्री फेज लाईटची वाट पाहत मळ्यात बसलेले असत. ज्या खान्देशात वर्षातले आठ महिने ऊन डोळ्यांवर येते, तेथे अंधाराच्याच आठवणी इतक्या का, हा प्रश्न तेव्हा आमच्याही मनात आला नव्हता.

आपल्या भागातील मुलांना वीजनिर्मिती म्हटले की भुसावळजवळचे दीपनगर आठवते. रेल्वेने कोळसा येतो, हतनूर धरणाचे पाणी येते, कोळसा जाळून पाण्याची वाफ होते, वाफेच्या दाबाने टर्बाइनची पाती फिरतात आणि त्याच दांड्यावरचे जनित्र फिरून वीज तयार होते. जनित्राचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखविले. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरत राहिले की तारेत प्रवाह निर्माण होतो. कोयनेचे पाणी असो, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावरील पवनचक्क्या असोत की तारापूरची अणुभट्टी असो, शेवटी काहीतरी फिरावेच लागते. त्यामुळे वीज म्हणजे फिरणारे यंत्र, अशी आमचीही समजूत होती.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा 125 मेगावॉटचा सौर ऊर्जा प्रकल्प आहे. तो 2013 साली सुरू झाला आणि त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे कर्ज मिळाले. अशा ठिकाणी प्रथम जाणाऱ्या माणसाची थोडी निराशाच होते. चिमणी नाही, राख नाही, धडधड नाही. निळ्या-काळ्या काचांच्या रांगा दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या उभ्या असतात आणि कानावर येतो तो वारा व रोहित्रांची बारीक गुणगुण. फिरत काहीच नाही. मग वीज येते कोठून?

हे समजण्यासाठी वाळूपासून सुरुवात करावी लागते. वाळूत सिलिकॉन असते. शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि तो शेजारच्या चार अणूंशी त्यांच्या साह्याने बांधलेला असतो. सर्व हात गुंतलेले, मोकळे कोणी नाही. म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. आता त्यात अत्यल्प प्रमाणात फॉस्फरस मिसळला तर काय होते? फॉस्फरसचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच. चार बांधले जातात, एक मोकळा उरतो. दुसऱ्या थरात बोरॉन मिसळतात. त्याचे इलेक्ट्रॉन तीन, म्हणजे एक जागा रिकामी. हे दोन थर एकमेकांना भिडले की सीमेजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात आणि सीमेवर एक कायमचा विद्युत उतार तयार होतो. शेतात बांधाला लागून उतार असला की पाणी एकाच बाजूला जाते, आपोआप मागे फिरत नाही. हा उतारही तसाच एकेरी आहे.

या थरांवर ऊन पडते तेव्हा प्रकाशाचे कण, ज्यांना फोटॉन म्हणतात, ते सिलिकॉनच्या अणूंत बांधलेल्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन मोकळे करतात. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एका बाजूला लोटला जातो. पुढच्या आणि मागच्या बाजूंना धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्या तारेने जोडल्या की इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने, वाटेतला दिवा किंवा मोटार चालवीत, आपल्या रिकाम्या जागेकडे परत येतात. हीच सौर वीज. यात काही जळत नाही, काही झिजत नाही, म्हणूनच चांगले पॅनेल पंचवीस वर्षे काम करते.

प्रकाशाने वीज निर्माण होते हे एडमंड बेकेरेल या फ्रेंच तरुणाला 1839 साली प्रथम दिसले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्या बारावी झालेल्या मुलांएवढाच. असे का होते याचा उलगडा होण्यास आइन्स्टाईन यांचा 1905 सालचा शोधनिबंध यावा लागला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते सापेक्षतेसाठी नव्हे, तर या प्रकाशकणांच्या कामासाठी, हे मुलांना नेहमी आश्चर्याचे वाटते. उपयोगात आणता येईल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत 1954 साली तयार झाला. पडलेल्या उन्हाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेचीच तो वीज करीत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल वीस ते बावीस टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत. उरलेल्या प्रकाशातील काही फोटॉन इतके दुबळे असतात की इलेक्ट्रॉन सुटतच नाही, तर काही गरजेपेक्षा जास्त जोरकस असतात आणि त्यांचा जादा जोर उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

येथे आम्हांला आपल्या भागातील एक पक्का गैरसमज दूर करायचा आहे. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर गेला की लोक म्हणतात, यंदा सौरवाल्यांची चंगळ. प्रत्यक्षात सौर घटाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता कारखान्यात मोजतात ती घटाचे तापमान 25 अंश धरून. त्यापुढे प्रत्येक अंशाला साध्या सिलिकॉन पॅनेलची शक्ती साधारण 0.4 टक्क्याने घटते. मे महिन्यातील दुपारी काचेखालचा घट 70 अंशांपर्यंत तापला तर 45 अंशांचा फरक पडतो, म्हणजे सुमारे 18 टक्के शक्ती गेली. प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येते. एक लहान पॅनेल उन्हात ठेवावे, मीटर जोडावा आणि मागच्या बाजूस ओले फडके लावावे. थोड्याच वेळात व्होल्टचा आकडा वर सरकू लागतो. स्वच्छ आकाशाचे फेब्रुवारी-मार्चचे दिवस म्हणूनच पॅनेलला मानवतात. शिवाजीनगरच्या प्रकल्पात 75 मेगावॉट स्फटिकी सिलिकॉनची आणि 50 मेगावॉट पातळ थराची पॅनेल आहेत. पातळ थराची पॅनेल उष्णतेने तुलनेने कमी मंदावतात, मात्र तेवढ्याच विजेसाठी त्यांना जागा जास्त लागते.

दिशेचेही गणित आहे. आपण सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर राहतो. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनेल दक्षिणाभिमुख आणि साधारण अक्षांशाइतकी तिरपी ठेवतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि पटांगणावरील ध्वजस्तंभाची सावली त्याच्या पायाशी विरते. सुटी असल्यामुळे ही शून्य सावली आमच्या मुलांना क्वचितच पाहायला मिळते.

एका घटातून मिळते जेमतेम अर्धा व्होल्ट. त्याने काहीच चालणार नाही. म्हणून 72 घट एकापुढे एक जोडून एक पॅनेल करतात, म्हणजे सुमारे 36 व्होल्ट झाले. अशी वीस पॅनेल एका माळेत जोडली की सातशे व्होल्टच्या पुढे जाता येते. माळेचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना विचारा. घमेल्यांची रांग लागली असता मधला एक माणूस थांबला की सगळी रांग थांबते. एका पॅनेलवर झाडाची सावली पडली, पक्ष्याची विष्ठा पडली की साऱ्या माळेचा प्रवाह मंदावतो. अडलेल्या घटांना वळसा घालणारे डायोड पॅनेलमध्ये बसविलेले असतात, तरी नुकसान होतेच. म्हणून पॅनेल धुवावी लागतात. खान्देशच्या धुळीत ती वारंवार धुवावी लागतात आणि त्यासाठी पाणी लागते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो तेथे काच धुण्याच्या पाण्याचा हिशेबही प्रकल्पाच्या हिशेबात धरला पाहिजे.

पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते, बॅटरीतल्या विजेसारखी. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. हा बदल इन्व्हर्टर करतो. त्यातले इलेक्ट्रॉनिक खटके अतिशय वेगाने उघडझाप करून सरळ प्रवाहाला लाटेचे रूप देतात आणि ती लाट बाहेरच्या जाळ्यातील लाटेशी तंतोतंत जुळवितात. लाईट गेली की गच्चीवरची साधी सौर यंत्रणाही बंद पडते, याचे अनेक पालकांना नवल वाटते. ते याचमुळे. जाळ्यात वीज नसताना इन्व्हर्टरने ती बाहेर सोडली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. इन्व्हर्टरनंतर रोहित्रे विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवितात. दाब दहापट वाढविला की तेवढीच शक्ती दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात जाते आणि तारेतील उष्णतेची तूट शंभराव्या हिश्श्यावर येते. एवढ्यासाठी तो खटाटोप असतो.

आता 125 मेगावॉट म्हणजे किती? हा आकडा भर उन्हातील क्षमतेचा आहे. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचे तिरपे किरण हे सारे धरले तर महाराष्ट्रात एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण 15 ते 16 लाख युनिट देतो. त्या हिशेबाने 125 मेगावॉटचे वर्षाला एकोणीस-वीस कोटी युनिट होतात. कोळशावरचा एक मेगावॉट सत्तर टक्के वेळ चालला तर 61 लाख युनिट देईल, म्हणजे जवळजवळ चौपट. मेगावॉटला मेगावॉट लावून सौर प्रकल्पाची कोळशाशी तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात असावा. दुसऱ्या बाजूने, एका युनिटला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर एकोणीस कोटी युनिटमागे दरवर्षी सुमारे सव्वा लाख टन कोळसा वाचतो. दीपनगर परिसरातून आलेल्या मुलांना राख म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, त्यांच्या घराच्या पत्र्यांना विचारावे.

विज्ञानाचा पाठ येथे संपला. आमच्या विषयाचा पाठ येथून सुरू होतो.

वीज कोणाची, असा प्रश्न या देशात धोरणाच्या पातळीवर ज्यांनी लवकर आणि नेमकेपणाने विचारला, त्यांत बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून 1942 ते 1946 या काळात पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. युद्धोत्तर वीजविकासाचा विचार करणाऱ्या धोरण समितीपुढे 25 ऑक्टोबर 1943 रोजी त्यांनी केलेले भाषण आजही वाचण्यासारखे आहे. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी, ती केंद्राकडे असावी की प्रांतांकडे, या प्रश्नांना त्यांनी तेथे हात घातला. वीज नुसती पुरेशी असून भागणार नाही, ती स्वस्त आणि विपुल असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आपल्या समाजाच्या व्यासपीठांवर बाबासाहेबांच्या या कार्याचा उल्लेख अजूनही ओझरताच होतो, ही आमची जुनी तक्रार आहे.

ऊन फुकट असते, पण ते साठविण्याआधी पसरून घ्यावे लागते आणि त्यासाठी जमीन लागते. एका मेगावॉटला चार ते पाच एकर. 125 मेगावॉटला पाचशे-सहाशे एकरांचा हिशेब होतो. ही जमीन कोणाची आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न धुळे जिल्ह्याला फार महागात पडला आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन दोंडाईचाजवळच्या वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. तेथे पुढे सौर प्रकल्प ठरला. त्यांना मोबदला मिळाला तो सुमारे चार लाख रुपये. शेजारच्या जमिनींना यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम मिळाली, आपल्या आंब्यांच्या झाडांचा हिशेब धरलाच नाही, ही त्यांची तक्रार होती. कार्यालयांचे उंबरठे झिजवून थकलेल्या या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने 22 जानेवारी 2018 रोजी मुंबईत मंत्रालयात विष घेतले. 28 जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. फेरमूल्यांकनाचे लेखी आश्वासन आले ते त्यानंतर. सौर विजेला स्वच्छ वीज म्हणतात. धुराच्या अर्थाने ते खरे आहे.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला द्यायची, अशी ही कल्पना आहे. दुसऱ्या टप्प्यातील पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला 2024 साली सुरू झाला. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला साप, विंचू, बिबट्या आणि ओल्या हातांनी हाताळलेली पेटी या चारही गोष्टींपासून ही योजना वाचविते. आमच्या मते सौर विजेचा ग्रामीण भागाला झालेला सर्वांत मोठा लाभ हाच. या योजनेत खासगी जमीन भाड्याने घेताना हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर ठेवला आहे. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. विखरणच्या तुलनेत हा मार्ग पुष्कळ बरा.

ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचे काय? या योजनेसाठी शासकीय जमिनीही दिल्या जातात आणि गावात शासकीय जमीन म्हणजे बहुधा गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964 साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्यांत खान्देशातील आपली माणसे होती. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही मागणी होती. आमच्या वसतिगृहात आजही अशी मुले आहेत की ज्यांच्या आजोबांनी तशी जमीन मेहनतीने उठविली, पण कागद अजून झाला नाही. अशा तुकड्यावर उद्या पॅनेल आली तर भाडे कोणाला मिळेल हे सांगायला नको. सौर कृषी पंपासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला दहाऐवजी पाचच टक्के हिस्सा भरावा लागतो, ही तरतूद चांगली आहे. पण पंप बसवायला आधी शेत आणि विहीर लागते. म्हणून ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा ठराव येईल त्या दिवशी आपल्या वस्तीने घरी बसू नये. गट क्रमांक कोणता, त्यावर सध्या कोण कसतो, गुरे कोठे चरतील, गवत-पॅनेल धुण्याचे काम गावातल्या कोणाला मिळेल, हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. प्रकल्पाला विरोध म्हणून नव्हे. वीज हवीच आहे.

घराच्या छतापुरते पाहिले तर हिशेब सोपा आहे. एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी 30 हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिकसाठी एकूण 78 हजार रुपये अनुदान आहे. मात्र छत स्वतःच्या मालकीचे आणि भार सोसणारे हवे. जुन्या पत्र्यावर घाईने पॅनेल बसवून घेऊ नयेत. वादळाची पहिली थाप आपल्याकडे मे महिन्यातच बसते.

नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुटीत आम्ही तीन प्रश्न देऊन घरी पाठवितो. गावाचे वीज उपकेंद्र कोठे आहे, शेतीची लाईट किती वाजता येते आणि गायरान किती उरले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सगळे आणतात. तिसऱ्यासाठी तलाठ्याकडे जावे लागते, म्हणून काही वह्यांत ती ओळ कोरी येते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे महावितरणमध्ये, महसूल खात्यात किंवा सौर प्रकल्पांवर तंत्रज्ञ म्हणून काम करतात, त्यांनी सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गावर यावे. त्या कोऱ्या ओळी मुलांसोबत भरून घ्यायच्या आहेत.